ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या गुहाचित्रांचं वय कसं काढतात? रंगाचं कार्बन डेटिंग करतात का?

नाही. गेरूत कार्बनच नसतो, मोजणार काय?

हेच मी आमच्या साडूंना उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडू राष्ट्रीय उद्यानात भर उन्हात सांगत होतो. डार्विन शहराहून तीन तास गाडी हाकून नौरलँजीला, तिथल्या चित्रांच्या कातळाला, पोचलो होतो. साडू नाशिकहून आलेले, त्यांना आकडा हवा होता. रेंजरबाईंनी सांगितलं की समोरचं मोठं चित्र नायोंबोल्मी नावाच्या चित्रकाराने 1964 च्या सुमारास जुन्या चित्रांवरच काढलंय. झालं! "म्हणजे डुप्लिकेटच की हो! यासाठी एवढं पेट्रोल?" परत डार्विन येईपर्यंत हेच. शेवटी मी विचारलं, तुमच्या गावच्या मारुतीला दर शनिवारी शेंदूर चढतो, मग मारुती परवाचा का? तर म्हणे, "देवाचं वेगळं." ज्यांची चित्रं आहेत त्यांना विचारा म्हणावं, वेगळं आहे का ते.

असो, तुमचा प्रश्न. भिंतीवर मातीची घरं करणारी कुंभारीण माशी माहीत असेलच. तिच्या चिखलात वणव्यातल्या कोळशाचे कण येतात, त्यांचं कार्बन डेटिंग होतं. घर चित्राखाली असेल तर चित्र त्याहून नवं, चित्रावर असेल तर त्याहून जुनं. वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीत एका कातळाच्या छतावर दोनेक मीटर लांबीचा कांगारू आहे. खाली तीन घरं, वर तीन. त्यावरून 17,500 ते 17,100 वर्षं असं वय बसलं, 2021 साली प्रसिद्ध झालं. म्हणजे चित्राला कुणी हातही लावला नाही, चिखल तपासला. "थोडा रंग खरवडून लॅबला पाठवायचा" ही साडूंची आयडिया होती.

कातळावर मधमाशीचं मेण चिकटवून केलेल्या आकृत्यांचं वय मात्र थेट मोजता येतं, मेणात कार्बन असतो. आणि कुंभारणीने आधीचाच जुना कोळसा उचलला असेल तर वय फुगतं, म्हणून एका घरावर कुणी भरवसा ठेवत नाही. साडूंचंही एक बरोबर होतं, डोळ्यांना दिसत होतं ते 1964 चंच.

तुम्ही गेलात तर बोर्डावर आकडा शोधत बसू नका, चित्राच्या कडेला कुंभारणीचं घर दिसतं का बघा. लांबूनच. साडूंनी कठड्यावरून हात पुढे केला होता, म्हणून सांगतोय.