डार्क हेरेसी या भूमिका-खेळाच्या (आरपीजीच्या) मोहिमेत ग्रहाच्या फितूर गव्हर्नरला भर सभेत, सगळ्यांदेखत मारायचंय. कुठल्या मंदिराचा, म्हणजे साम्राज्याच्या मारेकरी-शाळेचा, मारेकरी पाठवू?

व्हिंडिकेअर पाठवा. वॉरहॅमर ४०,००० च्या विश्वात हे नेमबाजांचं मंदिर. गव्हर्नर सज्जात भाषणाला उभा राहिला की दूरच्या मनोऱ्यावरून एक्झिटस रायफलची पहिली गोळी, शील्ड-ब्रेकर, त्याचं ऊर्जाकवच फोडते आणि दुसरी त्याला संपवते. गर्दीला मृत्यू दिसतो, मारणारा दिसत नाही, आणि दहशत बसते ती त्यामुळेच. कॅलिडस पॉलिमॉर्फिन टोचून रूप बदलते, पण तिचं काम दाराआड. क्युलेक्सस सायकर, म्हणजे मनोशक्ती असलेल्या, लोकांसाठी, गव्हर्नर सायकर नसेल तर त्याला सोडाच. एव्हर्सर मात्र औषधांनी पिसाळलेला असतो. तो गव्हर्नरबरोबर अर्धा दरबार कापून काढील आणि मेलाच तर स्फोट होऊन आणखी चार जणांना घेऊन जाईल. अख्खा पंथच संपवायचा असेल तर तोच बरा.

एक अडचण आहे: हे मारेकरी टेराच्या (पृथ्वीच्या) हाय लॉर्ड्सच्या, म्हणजे साम्राज्य चालवणाऱ्या मंडळाच्या, मंजुरीने सुटतात, इन्क्विझिटरच्या (पाखंड शोधणाऱ्या अधिकाऱ्याच्या) नवख्या चेल्यांच्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या, हुकमाने नाही. खेळाडूंना निवडता येणारा ‘असॅसिन’ हा पात्रप्रकार वेगळा, तो या मंदिरांतला नव्हे. म्हणून व्हिंडिकेअर तुमच्याच, खेळ चालवणाऱ्याच्या, हातात ठेवा. खेळाडूंना सभेची जागा आणि वेळ जुळवायचं काम द्या.