बेंडिक्स अडकतो, ग्रीस लावूनही!

प्रश्न: आमच्या जुन्या सहा सिलिंडरच्या ट्रकचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) मारला की ‘टक्’ आवाज होऊन बेंडिक्स (सेल्फच्या आट्यांवर पुढेमागे सरकणारा दातेरी भाग) रिंगमध्ये, म्हणजे फ्लायव्हीलच्या दातेरी कड्यात, अडकतो. ग्रीस लावलं, तरी तेच.

उत्तर: ग्रीसनेच घोटाळा केलाय. त्यात क्लचची काळी धूळ बसते आणि पिनियन, म्हणजे बेंडिक्सचं छोटं दातेरी चाक, मागे सरकत नाही. आधी बॅटरीची तार काढा, स्टॉपर (इंजिन बंद करायचा खटका) ओढा, टॉप गिअर टाकून गाडी थोडी मागे ढकला, सुटेल. मग सेल्फ उतरवून बेंडिक्सचे आटे रॉकेलने धुवा, कोरडे पुसा. वंगण अजिबात नको.

रिंगही फिरवून बघाच. हे इंजिन कॉम्प्रेशनमुळे बहुधा तीनच जागी थांबतं, म्हणून दात तिथेच झिजतात. झीज जास्त असेल तर रिंग तापवून काढा आणि 60 अंश सरकवून बसवा, म्हणजे न झिजलेले दात त्या जागी येतील. दातांची उतरती कड सेल्फकडेच हवी. पिनियन मात्र नवाच टाका.