आडवी अक्कलदाढ काढल्यावर किती दिवस त्रास होतो?

तुमचं वय 26, खालची डावी अक्कलदाढ आडवी, एक्स-रे बघून डॉक्टरांनी ‘कापून काढावी लागेल’ म्हटलंय, आणि घरात वडील सांगताहेत की तंबाखूची चिमट दाबून धर, आपोआप बसेल. किती दुखेल, रजा किती टाकू, निपाणीहून बेळगाव गाठू की कोल्हापूर, असं तुम्ही विचारलंय.

मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत शिकवते. माझी अशीच दाढ 2017च्या आषाढात बेळगावात काढली. दोन वर्षांनी थोरल्या भावाची काढली. माझं आठवड्यात मार्गी लागलं, दादाचं तीन आठवडे चाललं. दाढा दोघांच्या जवळपास सारख्याच होत्या. दादाचं बिघडलं ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोंडात टाकलेल्या तंबाखूने, म्हणून आधी वडिलांच्या सल्ल्याचंच बोलते.

निपाणीच्या बाजारपेठेत तंबाखूवर किती घरांची चूल पेटते ते मला ठाऊक आहे, वडिलांना दोष द्यायचा नाही. आमची आत्याही दाढ दुखली की मिश्रीचं बोट फिरवते. चिमट दाबली की जागा बधिर झाल्यासारखी वाटते, पण आतली कातडी भाजते आणि दाढ होती तिथेच राहते. शिवाय ओपरेशननंतर हीच तंबाखू आणि हीच मिश्री सगळ्यात जास्त घात करते. लवंगेचं तेल किंवा ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर धरून ठेवण्याचंही तसंच, कातडी पांढरी पडून सोलते.

आता दाढ गप्प आहे म्हणून थांबावं का? सरळ उगवलेली, ब्रश पोचतो अशी अक्कलदाढ कुणी काढायला सांगत असेल तर मी दहा वेळा विचार करीन. आडवी, अर्धी बाहेर आलेली दाढ वेगळी. तिच्यावर हिरडीची झापड राहते, खाली अन्न अडकतं, सुजतं, गोळ्यांनी बसतं, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा सुजतं. मी असे तीन फेरे काढले. गावाकडच्या दवाखान्यात दर वेळी पाच दिवसांच्या अँटिबायोटिकवर पाठवणी व्हायची, आणि मीही बरं वाटलं की विसरायची. चौथ्या वेळी तोंड उघडेना तेव्हा बेळगाव गाठलं. तोवर पुढच्या चांगल्या दाढेलाही मागून कीड लागली होती. तुमची अजून तशी झाली नसेल तर आत्ताच काढून घेणं सोपं. तिशीनंतर हाड घट्ट होत जातं आणि भरून यायलाही जास्त वेळ लागतो.

काढण्याआधी सगळ्या जबड्याचा मोठा एक्स-रे काढतात, त्याला ओपीजी म्हणतात. तो नुसता सोपस्कार समजू नका. खालच्या जबड्यात ओठाला संवेदना देणारी नस असते आणि दाढेची मुळं तिच्या किती जवळ आहेत ते त्यात दिसतं. ‘मुळं नसेला लागून आहेत का?’ एवढं डॉक्टरांना विचाराच. जवळ असतील तर नंतर ओठ किंवा हनुवटी काही आठवडे, काही महिने बधिर राहू शकते. बहुतेकांची संवेदना परत येते, क्वचित कुणाची कायमची जाते. सही करण्याआधी हे माहीत असावं. रक्त पातळ करणारी गोळी, साखर, हाडं ठिसूळ झाल्याचं इंजेक्शन, कुठल्या औषधाची ॲलर्जी, जे असेल ते सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करून जाऊ नका.

जागा बधिर करूनच काढणार असतील तर पोटभर जेवून जा. मी उपाशी गेले होते आणि खुर्चीत बसल्या बसल्या घेरी आली. पूर्ण भूल देणार असतील तरच उपाशी राहायचं, तेही ते सांगतील तितकेच तास.

प्रत्यक्ष काढताना टोचणं दुखतं, दोन-तीन वेळा, एकेक मिनिट. पुढे दुखत नाही, पण कळतं सगळं. हिरडी उघडतात, थोडं हाड घासतात, दाढेचे दोन-तीन तुकडे करतात आणि एकेक उचलतात. घासण्याचा आवाज कानाच्या आत येतो. जबडा दाबल्यासारखा होतो आणि मध्येच ‘कट्’ असा आवाज होतो. त्या आवाजाला मी घाबरले, आता जबडाच मोडला असं वाटलं. ती दाढ तुटत होती. दाब जाणवणारच, टोकदार कळ मात्र जाणवता कामा नये. जाणवली तर हात वर करा, आणखी भूल देतात. माझी पाऊण तासात निघाली. मग टाके, आणि त्या जागेवर कापसाच्या जाळीची घडी.

ती घडी घट्ट चावून ठेवायची, अर्धा-पाऊण तास. मी बाहेर बाकावर बसले होते. तोंडात लाळ साठली, बेसिनकडे उठले, तर नर्सबाई मागून ओरडल्या, “उगुळब्याडरी!” थुंकू नका. मग मराठीत समजावलं की दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गाठ धरते, ती हाडावरचं झाकण असते, तिच्याखाली नवं मांस येतं. थुंकलं, चूळ भरली, नळीने ओढून प्यायलं की तोंडात ओढ तयार होते आणि गाठ सुटते. तुमच्या हातात कन्नड किंवा इंग्रजी कागद पडेल. वाचायला अडचण असेल तर लाजू नका, मराठीत सांगा म्हणा. त्या कागदातला निम्मा मजकूर ह्या एका गाठीबद्दलच असतो.

तर पहिले 24 तास लाळ गिळायची. लाळ तांबूस दिसेल, ते चालतं. तोंड रक्ताने भरायला लागलं तर स्वच्छ ओल्या कापडाची घडी जागेवर ठेवून ताठ बसून अर्धा तास चावा, दर दोन मिनिटांनी काढून बघू नका. तरी थांबलं नाही तर परत जा. भूल दोन-चार तासांनी उतरते. उतरण्याआधीच दिलेली वेदनाशामक गोळी थोडं खाऊन घ्या. कळ चढल्यावर घेतली तर तिला आवरायला वेळ लागतो. बधिर असताना चावून खायचं नाही आणि चहा गरम प्यायचा नाही, ओठ भाजला तरी कळत नाही.

गालावर बाहेरून बर्फ, दहा मिनिटं ठेवायचा, दहा मिनिटं काढायचा, पहिल्या दिवशीच. आमच्याकडे त्या दिवशी धो धो पाऊस, वीज गेलेली, फ्रीज बंद. बसस्टँडजवळ बर्फ घेऊन रुमालात गुंडाळून एसटीतून आणला होता तोच कामी आला. आईने तवा तापवून शेकायला घेतला होता, तिला थांबवावं लागलं. पहिल्या दिवशी शेक दिला की सूज वाढते. शेक द्यायचाच तर दुसऱ्या दिवसानंतर.

खाण्याचं आपल्याकडे सोपं आहे. गुरगुट्या भात, पेज, गार केलेली नाचणीची आंबील, ताक, केळं. चमच्याने, दुसऱ्या बाजूने. तिखट आठवडाभर नको. भाकरी मी सहाव्या दिवशी दुधात कुस्करून खाल्ली, चावून खायला दहा दिवस लागले. चोवीस तास झाल्यावर कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून चार-पाच वेळा, जेवल्यावर हमखास. पाणी तोंडात धरायचं, मान हलवायची, आणि थुंकायच्या ऐवजी तोंड उघडून पडू द्यायचं. मेट्रोनिडाझोलची गोळी दिली असेल तर दारू अजिबात नको.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आरशात बघून दचकाल. सूज तेव्हाच सगळ्यात जास्त असते. माझा गाल आंब्याएवढा, तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं, गळ्याकडे निळसर-पिवळा डाग. हे सगळं ठरल्याप्रमाणेच असतं. तिसऱ्या दिवसानंतर मात्र सूज आणि दुखणं दोन्ही रोज थोडं उतरायला हवं.

दादाचं नेमकं इथे उलटं झालं. दोन दिवस तो माझ्यापेक्षा बरा होता. ‘काही होत नाही’ म्हणत संध्याकाळी चुना-तंबाखू मळून दुसऱ्या गालात धरली आणि अंगणात पिंक टाकली. चौथ्या दिवशी पहाटे कानशिलापर्यंत कळ, गोळीला दाद देईना, तोंडाला घाण वास. तो कान दुखतोय म्हणून कानाच्या डॉक्टरकडे निघाला होता. गाठ निघून गेली होती, हाड उघडं पडलं होतं. ह्याला ड्राय सॉकेट म्हणतात. खालच्या अक्कलदाढेत जास्त होतं, तंबाखू आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणखी जास्त, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांतही. उपाय साधा आहे: जागा धुतात आणि लवंगेच्या वासाच्या औषधाची वात भरतात. दादाची कळ तिथे खुर्चीतच अर्ध्यावर आली. पण वात बदलायला एक दिवसाआड जावं लागलं, आणि मधल्या दोन रात्री तो भिंतीला टेकून बसून होता. ते आठवलं की अजून पोटात कालवतं. म्हणून हात जोडून सांगते, निदान दहा दिवस तंबाखू, मिश्री, विडी काहीच नको.

ताप चढत असेल, तिसऱ्या दिवसानंतर सूज वाढत असेल तर त्याच दिवशी परत जा. गिळता येत नसेल, जीभ वर उचलल्यासारखी होत असेल, श्वास अडकत असेल तर दंतवैद्याची वेळ बघत बसू नका, रात्र असली तरी मोठ्या दवाखान्याचा तातडीचा विभाग गाठा.

रजेचं म्हणाल तर बसून काम असेल तर तीन-चार दिवस पुरतात. ओझी उचलणं किंवा दिवसभर बोलणं असेल तर आठवडा टाका. मी चौथ्या दिवशी वर्गावर गेले आणि दुसऱ्या तासाला जबडा आखडला, मुलांना शुद्धलेखन देऊन बसावं लागलं. टाके काळ्या रेशमाचे असतील तर सातव्या दिवशी काढतात. हिरडी महिनाभरात मिटते, आतलं हाड भरायला काही महिने जातात. तोवर खड्ड्यात भात अडकतो, काडीने कोरू नका, पाण्याने निघतो.

राहिलं बेळगाव की कोल्हापूर. बेळगावात केएलई आणि मराठा मंडळ, दोन्हींची दंत महाविद्यालयं आहेत. खासगीपेक्षा तिथे खर्च कमी येतो, वेळ मात्र जास्त जातो आणि शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली काम करतात. पण तुम्हाला निपाणीहून कोल्हापूर निम्म्या अंतरावर पडतं, आणि ही दाढ काढायला एकदा जाऊन भागत नाही. टाक्यांसाठी जायचं, आणि दादासारखं झालं तर चार-पाच वेळा. तोंडाच्या शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ कोल्हापुरात मिळत असेल तर मी तुमच्या जागी तिकडेच गेले असते. आणि रविवार विश्रांतीला मिळतो म्हणून शनिवार धरू नका. सोमवारी सकाळची वेळ घ्या. रक्त आलं तरी दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडा असतो, आणि घोर लावणारे गुरुवार-शुक्रवारही कामाच्या दिवसांतच येतात.