लंडनहून एका दिवसात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळचं राय (Rye) गाव बघून होतं का? आईबाबा सोबत आहेत.

हो, आरामात होतं. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरून हायस्पीड ट्रेन पकडायची, अ‍ॅशफर्डला बदलायची, साधारण तासाभरात राय, आणि स्टेशनवरून गाव चालतच. फक्त आईबाबांना चपला नको, धड बूट घालायला सांगा कारण मर्मेड स्ट्रीट म्हणजे नुसते गोटे आणि वर चढ, पाऊस पडून गेला असेल तर पाय सटकतोच.

सेंट मेरी चर्च मात्र अजिबात सोडू नका. 1377 मध्ये फ्रेंचांनी गाव जाळलं आणि चर्चच्या घंटासुद्धा पळवल्या, तर पुढच्याच वर्षी इथली माणसं समुद्र ओलांडून नॉर्मंडीत गेली आणि त्या परत घेऊन आली! आत 16व्या शतकातल्या घड्याळाचा लांबलचक लंबक थेट तुमच्या डोक्यावर डुलत असतो, बघत बसावंसं वाटतं. तिकीट काढून टॉवरवर चढता येतं पण वाट फारच अरुंद, गुडघे दुखत असतील तर खालीच थांबलेलं बरं. वरून लाल कौलं, नदी आणि पार लांब समुद्र. एकेकाळी हाच समुद्र गावाला खेटून होता, गाळ साचत गेला आणि तो मागे हटला.

दुपारी बसने कॅम्बर सँड्सच्या समुद्रकिनाऱ्याला जाता येतं, वाळूच्या टेकड्या मस्त आहेत, पण वाळूत चालणं दमवतं. राय हार्बरचं नेचर रिझर्व्ह सपाट आहे, पक्षीही भरपूर, आईबाबांना तेच झेपेल. दोन्हींतलं एकच करा.