आम्हा दोघांची उंची चारचौघांसारखी असताना बाळाला एकॉन्ड्रोप्लेझिया कसा झाला?

तुम्ही लिहिलंय की बाळ पाच महिन्यांचं आहे, तपासणीत एकॉन्ड्रोप्लेझिया, म्हणजे हाडांची वाढ मंदावून हातपाय आखूड आणि उंची कमी राहण्याची जन्मजात स्थिती, निघालाय, दोन्ही घरांत कुणीच बुटकं नाही आणि ‘गरोदरपणात माझंच काही चुकलं का’ हा विचार पाठ सोडत नाही. ताई, आधी त्याचंच उत्तर देते: नाही. तुमच्या खाण्यापिण्याचा, धावपळीचा, मनःस्थितीचा यात काडीचाही संबंध नाही. मीही याच स्थितीसह जन्मले आणि माझ्या आईवडिलांची उंची सर्वसाधारणच आहे. अशी सुमारे ८० टक्के मुलं सर्वसाधारण उंचीच्या आईवडिलांच्याच पोटी जन्मतात.

चौथ्या गुणसूत्रावर एफजीएफआर३ नावाचं जनुक असतं. हाडांच्या वाढीला लागणारा ब्रेक म्हणजे हे जनुक. त्यात एका ठरावीक जागी डीएनएच्या एका अक्षराचा बदल झाला की तो ब्रेक दाबलेलाच राहतो. हे १९९४ मध्ये उलगडलं. हातापायांची हाडं टोकाजवळच्या कूर्चेतून, म्हणजे मऊ, लवचिक भागातून वाढतात आणि नेमकी तीच वाढ मंदावते, म्हणून दंड आणि मांड्या आखूड राहतात. कवटीचा वरचा भाग कूर्चेतून बनत नाही, त्यामुळे डोकं मोठं आणि कपाळ पुढे आलेलं दिसतं. बाळाची बोटं हलकेच सरळ करून बघा, मधलं बोट आणि अनामिका यांच्यात बहुधा फट दिसेल. माझ्या हाताला ती अजून आहे.

हा बदल नव्याने होतो तेव्हा तो जवळजवळ नेहमी वडिलांच्या शुक्राणूत झालेला असतो आणि वडिलांच्या वयाबरोबर त्याची शक्यता थोडी वाढते. पण म्हणून आता नवऱ्याकडे बोट दाखवू नका, हे कुणालाच टाळता येत नाही. तुमच्या पुढच्या बाळाला हेच होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी आहे. या बाळाला मोठेपणी मूल झालं आणि जोडीदाराला ही स्थिती नसली, तर मात्र प्रत्येक खेपेला शक्यता निम्मी असेल.

आता जे मला कळकळीने सांगायचंय ते. सध्या उंचीची चिंता बाजूला ठेवा आणि मानेकडे लक्ष द्या. कवटीच्या तळाशी जिथून मज्जारज्जू खाली उतरतो, ते छिद्र या बाळांमध्ये अरुंद असतं. तिथे दाब पडला तर झोपेत श्वास अडू शकतो आणि पहिल्या दोन वर्षांत हा धोका खरा असतो. झोपेत श्वास मध्येच थांबणं, मान सतत मागे टाकणं, दूध पिताना दमणं, अंग फारच ढिलं वाटणं, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. काही दिसत नसलं तरी झोपेतल्या श्वासाची तपासणी आणि एमआरआय यांबद्दल डॉक्टरांना विचाराच. गरज पडली तर शस्त्रक्रियेने तिथली जागा मोकळी करता येते. डोक्याचा घेरही दर वेळी एकॉन्ड्रोप्लेझियाच्या मुलांसाठीच्या वेगळ्या तक्त्यावर मांडायला सांगा.

दुसरं म्हणजे पाठ. बाळाला उशा लावून बसवू नका, कितीही गोड दिसलं तरी. पाठीचे स्नायू भरायच्या आत बसवलं तर कणा मागे पोक काढतो. त्याचं ते बसेल. काही बाळं डोकं जमिनीला टेकवून पायांनी रेटत पुढे सरकतात, तेही चालतं. चालायला दीड-दोन वर्षं लागली तर घाबरू नका. बुद्धी इतर मुलांसारखीच असते. कान मात्र वरचेवर दुखतात, म्हणून ऐकण्याची तपासणी चुकवू नका, नाहीतर बोलणं मागे पडतं.

औषधाचंही विचारलंय. वोसोरिटाइड हे इंजेक्शन २०२१ मध्ये युरोप आणि अमेरिकेत मंजूर झालं. ते रोज त्वचेखाली द्यावं लागतं आणि हाडांची वाढ सुरू असेपर्यंतच उपयोगी पडतं. चाचणीत मुलांची वाढ वर्षाला साधारण दीड सेंटिमीटरने जास्त झाली. घ्यायचं की नाही, हे जनुकतज्ज्ञांशी बोलून शांतपणे ठरवा.

मुलाला कधी सांगायचं? बोलायला लागल्यापासून. माझ्या आईने मला एवढंच शिकवलं होतं: ‘माझी हाडं हळू वाढतात.’ वर्गात कुणी विचारलं की मी तेच सांगायचे आणि खेळायला पळायचे.