'उपरा' आणि 'परका' एकच का?

एका ताईंनी विचारलं आहे: "आमच्या आजेसासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून साठ वर्षं एकाच गावात राहिल्या. गावानं त्यांना कधी अंतर दिलं नाही. तरी शेवटपर्यंत म्हणायच्या, 'आपण इथं उपरेच.' त्या स्वतःला परक्या का समजत असतील? की 'उपरा' आणि 'परका' यांत काही फरक आहे?"

फरक आहे, ताई, आणि चांगला मोठा आहे. आजेसासूबाईंनी शब्द अगदी नेमका वापरला होता.

आधी 'परका' बाजूला काढू. संस्कृत 'परक्य' म्हणजे दुसऱ्याचा, त्यावरून हा आला. त्याचा जोडीदार शब्द 'आपला'. आपलं-परकं ही मनाची वाटणी आहे आणि ती एका संध्याकाळीत बदलू शकते. सख्खा भाऊ परका होतो, शेजारीण आपली होते. लेकीला 'परक्याचं धन' म्हणायची जुनी, मला कधीच न आवडलेली रीतही यातलीच: पोटची पोर, पण हिशोबात दुसऱ्याची.

आता 'परका'च्या जागी 'उपरा' घालून बघा. "त्यानं मला परक्यासारखं वागवलं" यात तक्रार प्रेमाची आहे. "मी माझ्याच घरात उपरा झालो" यात तक्रार हक्काची आहे. घरातले चार वेळा जेवायला बोलावत असतील, पण घर कुणाच्या नावावर करायचं ते ठरवताना विचारत नसतील, तर तो माणूस उपरा. परका नव्हे.

हा हक्काचा वास शब्दाला कुठून आला? 'उपर' म्हणजे वर. मराठीत 'वरचा' म्हणजे मुळातून न आलेला, नंतर वर येऊन टेकलेला. तान्ह्या बाळाला आईचं पुरेना झालं की आपण 'वरचं दूध' सुरू करतो. पगाराबाहेरची ती 'वरकमाई'. म्हणून 'उपरा'च्या समोर 'मूळचा' हा शब्द उभा राहतो. नवी ओळख झाली की दुसऱ्याच वाक्याला आपण विचारतो ना, "तुम्ही मूळचे कुठले?" ज्याला मूळ इथलं सांगता येत नाही तो उपरा, मग तो साता समुद्रापलीकडचा असो की ओढ्यापलीकडच्या गावचा.

आणि हे नुसतं भावनेत नव्हतं, कागदावर होतं. पेशवाईतल्या आणि त्याआधीच्या गावात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग होते. एक मिरासदार, त्यालाच थळकरी म्हणत. त्याची जमीन वंशपरंपरेची. ती विकता येई, गहाण टाकता येई. दुष्काळात तो परागंदा झाला आणि बऱ्याच वर्षांनी त्याचा वंशज परत आला तरी गाव त्याचा हक्क मानत असे. दुसरा वर्ग 'उपरी'. हा बाहेरून आलेला. मालक परागंदा झालेली किंवा वंशच खुंटलेली जमीन, जिला 'गतकुळी' म्हणत, ती तो ठरावीक मुदतीच्या बोलीनं करायचा. बोली संपली की तो मोकळा आणि गावही मोकळं. सुतार, लोहार अशा बलुतेदारांतही हाच भेद होता: वतनदार बलुतेदार आणि उपरी बलुतेदार. वासल्याची धार दोघांच्या हातात सारखीच, पण एकाचं बलुतं हक्काचं, दुसऱ्याचं गावाच्या मर्जीचं. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशातही 'उपरी'ला जमिनीचा हा अर्थ आहे.

मला यातलं 'थळ' फार विलक्षण वाटतं. थळ म्हणजे स्थळच, मूळ कुळाच्या नावानं ओळखला जाणारा जमिनीचा तुकडा. ज्या दप्तरात त्याची नोंद असे तो थळझाडा. कुळ नाहीसं व्हायचं, पण नाव जमिनीला चिकटून राहायचं. उपऱ्यानं दहा पावसाळे तिथं नांगर धरला तरी त्या तुकड्याला हाक मारताना मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं.

ही रेघ पुसताही येत असे. उपऱ्यानं गावाकडून मिरास विकत घेतली की पाटील आणि समस्त पांढरी, म्हणजे गावातले सगळे वस्तीकर, यांच्या साक्षीनं मिरासपत्र होई आणि त्या दिवसापासून तो मिरासदार. त्याच्या भाषेचं, तोंडवळ्याचं, तो कुठून आला याचं काही बदललेलं नसायचं. बदलायचा एक कागद. पुढे इंग्रजी अमलात, १८३५ पासून इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी पाहणी सुरू झाली आणि मुंबई इलाख्यात पसरली. तिनं मिरासदार आणि उपरी हा फरकच मोडीत काढला. जमीन ज्याच्या ताब्यात, तो सरकारी सारा भरणार. 'उपरी' हा दप्तरातला शब्द गेला, 'उपरा' मात्र लोकांच्या तोंडी राहिला.

दूरच्या परकीयाकडेही आपल्या लोकांनी याच नजरेनं पाहिलेलं दिसतं. १७१५ च्या सुमारासच्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार या सगळ्यांना एकच नाव आहे: टोपीकर. म्हणजे पोर्तुगीज, इंग्रज, डच, फ्रेंच आणि डेन्मार्कचे लोक डोक्यावरच्या टोपीनं ओळखले जात. पण अमात्यांची काळजी टोपीची नाही. त्यांचं सांगणं असं की हे बाकीच्या सावकारांसारखे नव्हेत, यांच्या मागे यांचे राजे आहेत. वखारीला जागा द्यायचीच तर समुद्राच्या किंवा खाडीच्या काठाला देऊ नये. हातात आलेलं 'स्थळ' हे लोक मेल्यानंही सोडणार नाहीत. स्थळ! तोच शब्द. टोपीकर पाहुणा म्हणून चालेल, माल विकणारा म्हणून चालेल, पण त्याला थळ मिळता कामा नये.

पाहुण्याचं निघालंच आहे तर तेही सांगतो. 'पाहुणा' हा संस्कृत 'प्राघूर्ण'चा वंशज. आमच्याकडे सातारा-सांगलीच्या बाजूला अनोळखी माणसालाही पहिली हाक हीच: "पाव्हणं!" यष्टीत खिडकीपाशी बसलेल्याला "पाव्हणं, सरका की जरा", आणि गावात नवा चेहरा दिसला की पारावरून "पाव्हणं, कुणाकडं आलाय?" या प्रश्नाकडे नीट बघा. तुम्ही कोण, हे कुणी विचारत नाही. कुणाकडं, हे विचारतात. गावातल्या एका घराचं नाव सांगितलं की तुम्ही त्या घराचे पाहुणे, पर्यायानं गावाचे. पोरगं घर दाखवायला सोबत येतं. ज्याला सांगायला एकही नाव नाही, त्याच्यापुढे मात्र प्रश्न तसाच लोंबकळत राहतो. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला 'उपरा' हे नाव दिलं, ते कैकाडी समाजातल्या, गाढवाच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन गावोगाव फिरणाऱ्या घरातून आलेल्या माणसानं. जमिनीच्या दप्तरातल्या उपऱ्याला निदान बोलीपुरती जमीन आणि कुडाचं घर तरी मिळायचं. या उपऱ्याला तेही नव्हतं. शब्द तोच, पण त्याचं ओझं कितीतरी वाढलेलं. माझ्या पिढीनं हा शब्द त्या पुस्तकानंतर पुन्हा हलकेपणानं वापरला नाही.

एक 'तिऱ्हाईत' राहिला. दोघांच्या तंट्यातला तिसरा, म्हणून 'तीन'शी नातं सांगणारा. त्याचं काही हितसंबंध नसणं हाच त्याचा गुण, म्हणून भांडण सोडवायला तो बरा. 'तिऱ्हाइतासारखं बोलू नकोस' असं आपण घरच्याला रागानं म्हणतो, पण वाटणीच्या वेळी तिऱ्हाइतालाच बोलावतो.

तेव्हा ताई, आजेसासूबाई गावाच्या मायेवर शंका घेत नव्हत्या असं मला वाटतं. तुमच्या सासरचं घराणं त्या गावात नंतर कधीतरी येऊन स्थिरावलं असावं, आणि ही घरात पिढ्यान्पिढ्या सांगितली गेलेली गोष्ट त्या एका शब्दात सांगत होत्या. घरातल्या कुणा जुन्या माणसाला विचारून बघा: तुमच्या शेताला गावात काय नावानं ओळखतात? ते नाव तुमच्या आडनावाचं नसेल, गावात आज कुणाचंच नसेल, तर मला जरूर कळवा.