कोरियन मित्राने चुसॉक सणाच्या आधी घरच्या कबरींवरचं गवत कापायला बोलावलंय. परदेशी पाहुण्याने काय तयारी करून जावं?

तुम्हाला बोलावलंय ते 'बॉलचो'ला, म्हणजे पूर्वजांच्या कबरी साफ करायला. अन्न-मद्य ठेवून नमस्कार करायला जातात ती 'सॉंगम्यो', ती मुख्यतः सणाच्या दिवसांत. बॉलचोच्या दिवशीही शेवटी नमस्कार होतो, पण दिवस कष्टाचा असतो. तेव्हा ठेवणीतले कपडे घरीच राहू द्या.

चुसॉक म्हणजे त्यांच्या चांद्र पंचांगातल्या आठव्या महिन्याची पौर्णिमा. बहुतेक वर्षी ती आपल्या भाद्रपदी पौर्णिमेच्या आसपास येते. २०२५ मध्ये मात्र कोजागिरीला आली. गवत त्याआधी दोन-तीन आठवडे कापतात. २३ ऑगस्टच्या सुमारास 'चॉसो' (उन्हाळा ओसरल्याची पंचांगातली तिथी) येऊन गेला की गवताची वाढ मंदावते, म्हणून तेव्हाची कापणी टिकते. जुलैत कापलं तर सणापर्यंत पुन्हा रान माजतं. सगळा देश याच शनिवार-रविवारी गावी निघतो, म्हणून पहाटेच निघा.

कबर म्हणजे हिरवळीचा गोल घुमट, 'बोंगबुन'. पुढे दगडी चौरंग असतो, 'सांगसॉक'. त्यावर नैवेद्य ठेवतात. बॅग ठेवू नका, बसू तर नकाच.

गवत कापायचं यंत्र (येचोगी) कुणी हौसेने हातात दिलं तरी घेऊ नका. पात्याने उडवलेला खडा थेट डोळ्यात किंवा नडगीवर बसतो. चालवणाऱ्यापासून १५ मीटर लांब राहा. दगडांच्या कडेला धातूचं पातं आपटतं, तिथे पात्याऐवजी यंत्राला नायलॉनची दोरी किंवा हातात विळा बरा. तुम्ही दाताळं मागून घ्या. कापलेलं गवत ओढून बाजूला टाकायला माणूस नेहमी कमीच पडतो. घुमटावर गवत अगदी मातीपर्यंत खरवडायचं नाही, नाहीतर पावसात माती वाहून जाते. झुडपांची रोपं मात्र मुळासकट उपटायची, नुसती कापली तर परत फुटतात. आजूबाजूच्या झाडांची सावली पडत असेल तर फांद्याही तोडतात, कारण कबरीवरची हिरवळ सावलीत मरते.

खरा धोका गांधीलमाश्यांचा. त्यातल्या काही जाती जमिनीत, कधीकधी घुमटातच, पोळं करतात आणि यंत्राच्या धक्क्याने उसळतात. काम सुरू करण्याआधी पाच-दहा मिनिटं लांबून बघा, माश्या एकाच जागी ये-जा करतायत का. काळ्या-गडद रंगावर त्या जास्त तुटून पडतात. फिक्या रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि फिकी टोपी घाला, अत्तर नको. उठल्याच तर डोकं झाकून किमान २० मीटर पळा. खाली बसून राहू नका. चावल्यावर धाप लागली किंवा अंगावर गांध्या उठल्या तर ११९ (तिथला आपत्कालीन नंबर) लावा. गोचिडांसाठी पँट मोज्यात खोचा, गवतावर सतरंजीशिवाय बसू नका. पुढच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गवतात काम केल्याचं आवर्जून सांगा.

काम संपलं की सांगसॉकवर मद्य, फळं, सुका मासा असं मोजकंच ठेवतात. नमस्कार दोन पूर्ण (गुडघे टेकून, कपाळ हातांपर्यंत) आणि शेवटी उभ्याने एक अर्धा. हात एकमेकांवर ठेवताना पुरुषांचा डावा वर, बायकांचा उजवा. काही ख्रिस्ती घरांत नमस्कार करत नाहीत, नुसती प्रार्थना होते. यजमान करतील तसं करा. तुम्ही वाकायचं की नाही हे आधीच विचारलं तर कुणी रागावत नाही.

मग नैवेद्य तिथेच वाटून खातात, 'उमबोक'. तो घोट नाकारणं अवघड जातं, पण गाडी चालवणाऱ्याने ओठही लावू नयेत: रक्तातल्या मद्यार्काची मर्यादा ०.०३ टक्के आहे, आपल्याकडे आहे तेवढीच. उरलेलं खाणं परत न्या. वासाने रानडुकरं येतात आणि घुमट उकरून ठेवतात.